एका फुटाची चूक

ते पहिल्यांदा दिसले तेव्हा कमरेइतक्या खोल चरात उभे होते आणि टेपने चराची खोली मोजत होते. मी वरून हिंदीत विचारलं, "कितना हुआ?" त्यांनी मान वर न करता मराठीत उत्तर दिलं, "नव्वद सेंटिमीटर. ड्रॉइंगमध्ये साठ दाखवलंय, पण इथे साठ पुरायचं नाही. ऊन खाली उतरतं."

मी मराठी आहे हे त्यांना कसं कळलं, म्हणून मी चमकले. थोड्या वेळापूर्वी मी घरी फोनवर बोलत होते, ते त्यांनी ऐकलं होतं.

अल ऐनच्या बाहेर विद्यापीठाच्या मोकळ्या जागेवर, मंगळाकडे गेलेल्या एका यानाचा माग घेण्यासाठी, आमची रेडिओ दुर्बीण उभी राहत होती. दुर्बीण म्हणजे एक मोठी पांढरी डिश आणि तिच्यापासून दीडशे मीटरवर एक एसी केबिन. केबिनमध्ये सिग्नल नोंदवणारी यंत्रं आणि एक अतिशय अचूक घड्याळ. डिश आणि केबिन जोडणारी केबल जमिनीखालून टाकायचं काम एका कॉन्ट्रॅक्टरकडे होतं. त्या कॉन्ट्रॅक्टरचे हे फोरमन. वय पन्नाशीच्या आसपास, गुहागरकडचे, आखातात वीस-एक वर्षं काढलेले. मी त्यांना दादा म्हणायला लागले आणि ते मला दुसऱ्या दिवसापासून ताई.

मी अडतिसाव्या वर्षी पीएच.डी.ला बसले होते. नवरा दुबईत नोकरीला, घर अल बर्शात, मुलगी नऊ वर्षांची. आठवड्यातून तीन दिवस मी पहाटे गाडी काढायची आणि अल ऐन गाठायची. माझ्याबरोबरची मुलं माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान होती. त्यांच्यासारखं वेळ वाया घालवणं मला परवडणार नाही, असं मी स्वतःला सतत बजावत असे. पुढे जे झालं त्याचं कारण म्हणून हे सांगत नाही. पण त्या काळात माझ्या अंगात एक घाई भरलेली होती, हे खरं.

दादांना माझ्या कामाविषयी फार कुतूहल होतं. दुपारच्या सुट्टीत ते केबिनच्या सावलीत डबा उघडून बसत आणि एकेक प्रश्न विचारत. एकदा म्हणाले, "ताई, यान मंगळाजवळ. ते नेमकं कुठे आहे हे इथे बसून कसं कळतं?"

मी त्यांना माझ्या परीने सांगितलं. यानाकडून रेडिओलहर येते. ती आमच्या डिशला एका क्षणी पोचते आणि हजारो किलोमीटरवरच्या दुसऱ्या देशातल्या डिशला किंचित पुढेमागे. त्या दोन क्षणांमधला फरक मोजला की लहर कुठल्या दिशेने आली ते कळतं. मोजमाप बरोबर आहे का हे तपासायला आम्ही मधूनमधून डिश क्वेसारकडे वळवतो. क्वेसार म्हणजे इतकी दूरची दीर्घिका, की आकाशात तिची जागा हलतच नाही. आधी क्वेसार, मग यान, पुन्हा क्वेसार, असं दिवसभर चालतं. फरक मोजायचा तो सेकंदाच्या अब्जाव्या भागात. तेवढ्या वेळात रेडिओलहर फूटभर पुढे सरकते.

"म्हणजे केबलनेसुद्धा फरक पडत असणार," ते म्हणाले.

"पडतो ना. केबल तापली की सिग्नलला वेळ लागतो."

"मग माझी केबल तापायची नाही," असं म्हणून त्यांनी डबा बंद केला.

आणि खरोखर त्यांनी ते काम देवघरातल्या पूजेसारखं केलं. चरात तळाला चाळलेली वाळू, त्यावर पाइप, पाइपात केबल, वर पुन्हा वाळू. तपासणीसाठी मध्ये दोन खड्डे सोडून त्यांना झाकणं. मी पाहत असे आणि मनात म्हणत असे, एवढं करायची गरज नाही.

जूनच्या सुरुवातीला आमची निरीक्षणं सुरू झाली. कसोटीसाठी एक ठळक क्वेसार निवडला होता. तो उगवल्यापासून मावळेपर्यंत आठवड्यातून दोनदा त्याचा माग घ्यायचा. सगळं बरोबर असेल तर आकडे एका सपाट रेषेत यायला हवेत. आमची रेषा सपाट येईना. सकाळी ठीक असायची, मग हळूहळू वर चढायची आणि दुपारी तीन-चारच्या सुमारास सगळ्यात वर जायची. बाहेर तेव्हा पंचेचाळीसच्या वर तापमान. आलेख पाहिल्या पाहिल्या मी म्हटलं, ऊन. केबल तापतेय.

माझे गाइड मूळचे इजिप्तचे, शांत आणि नेमकं बोलणारे. जूनअखेरच्या मीटिंगमध्ये त्यांनी तो आलेख बराच वेळ पाहिला. दुसऱ्या देशातले आमचे सहकारी ऑनलाइन होते. गाइड मला म्हणाले, "दिवसागणिक अशी लाट दोन गोष्टींनी येऊ शकते. एक तर उष्णता, नाहीतर आपण गणितासाठी वापरतो त्या फाइलमध्ये दुर्बिणीची जागाच चुकीची आहे. जागेचे आकडे तपासलेस?"

मी म्हटलं, "हो, दोनदा."

मी एकदाही तपासले नव्हते. सर्व्हेअरच्या रिपोर्टमधून ते मीच एका संध्याकाळी घरी, मुलीचा अभ्यास घेता घेता, फाइलमध्ये टाकले होते आणि त्यानंतर त्यांच्याकडे फिरकले नव्हते. खोटं बोलायचं असं ठरवून मी बोलले नाही. दहा लोक ऐकत होते, त्यातले दोघे माझ्या वार्षिक परीक्षणाच्या समितीत होते, आणि 'हो' हा शब्द तोंडातून निघून गेला. 'दोनदा' मात्र मी मुद्दाम जोडलं. तो शब्द मला अजून ऐकू येतो.

"मग केबल," गाइड म्हणाले. "कॉन्ट्रॅक्टरला कळवा."

ईमेल मीच लिहिला. केबलचं काम अपेक्षित दर्जाचं झालेलं नाही, त्यामुळे निरीक्षणं बिघडत आहेत, असं त्यात होतं. 'शक्यता आहे' असं लिहिता आलं असतं. आधी लिहिलंही होतं. मग ते कच्चं वाटतंय म्हणून खोडलं.

दुसऱ्या आठवड्यात दादा केबिनमध्ये आले. हातात वहीचं फाडलेलं पान होतं.

"ताई, केबलबद्दल तक्रार गेली म्हणतात."

"हो दादा. दुपारी फरक येतोय."

"मी सहा दिवस तपासणीच्या खड्ड्यात थर्मामीटर सोडून बघितलं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. ह्यात लिहिलंय. केबल दीड-दोन डिग्रीच्या वर हलत नाही. एकदा बघा."

"बघते," मी म्हटलं.

"आत्ता बघितलंत तर…"

"दादा, आत्ता निरीक्षण चालू आहे. बघते नक्की."

त्यांनी पान टेबलावर ठेवलं, उडू नये म्हणून त्यावर माझा कॉफीचा मग ठेवला आणि गेले. ते गेल्यावर मी पान ड्रॉवरमध्ये टाकलं. निरीक्षण चालू होतं हे खरं, पण ते यंत्र करत होतं. मी नुसती बसले होते.

दहा दिवसांनी साइटवर दुसरीच माणसं आली. त्यांनी चर उकरला आणि केबल बाहेर काढली. मी उभी राहून बघितलं. केबल कोरडी, स्वच्छ, कुठे एक ओरखडाही नाही. नव्या टोळीचा मुकादम केरळचा होता. केबलवरून हात फिरवत तो हिंदीत म्हणाला, "काम तो अच्छा किया है, मॅडम. क्यों निकाल रहे हैं?" मी म्हटलं, ऑर्डर आहे. दादा कुठे आहेत असं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "वो तो कॅन्सल पे गये." म्हणजे व्हिसा रद्द करून त्यांना भारतात परत पाठवलं होतं.

नवी केबल पडली. लाट तशीच राहिली.

तरीही मी आणखी दीड महिना उन्हालाच धरून बसले. डिशचा सांगाडा तापत असेल, केबिनचा एसी कमी पडत असेल. सप्टेंबरच्या मध्यावर एका सकाळी मी जूनपासूनचे सगळे आलेख एकाखाली एक लावले. जूनमध्ये लाटेचं टोक दुपारी साडेतीनला होतं. जुलैत दीडला. ऑगस्टमध्ये साडेअकराला. आता सकाळी साडेनवाला, वाळू अजून नीट तापलेलीही नसताना. टोक दर महिन्याला दोन तास अलीकडे सरकत होतं. सूर्य असं करत नाही. तारे करतात. आकाशातला प्रत्येक तारा रोज चार मिनिटं आधी उगवतो आणि महिन्याला त्याचे दोन तास होतात. ही गोष्ट मी पदवीच्या मुलांना शिकवलेली आहे. लाट उन्हाच्या मागे नव्हती, क्वेसारच्या मागे होती. आणि तसं एकाच कारणाने होऊ शकतं: फाइलमधली दुर्बिणीची जागा चुकलेली असणं.

सर्व्हेअरचा रिपोर्ट उघडला. त्यात दोन बिंदू होते. एक डिशच्या पायथ्याशी ठोकलेल्या खुणेचा, दुसरा डिश ज्या आसाभोवती फिरते त्याचा. फाइलमध्ये दुसरा जायला हवा होता. मी पहिला टाकला होता. दोन्हींमध्ये आडव्या अंगाने एका फुटाचं अंतर. इथला तो एक फूट मंगळाजवळ जाऊन किलोमीटरांत मोजावा लागतो.

मी आकडे बदलले. एका ओळीचं काम. सगळी निरीक्षणं पुन्हा चालवली आणि रेषा सपाट झाली. मग मी ड्रॉवर उघडला आणि दादांचं पान काढलं. सहा दिवसांचे अठरा आकडे, प्रत्येकासमोर वेळ. खाली एक ओळ: 'ड्रॉइंगपेक्षा तीस सेंटिमीटर खोल घेतले आहे.' हे पान जुलैत वाचलं असतं तर ऊन तिथल्या तिथे बाद झालं असतं. वाचायला दोन मिनिटं लागली.

गाइडना मी सांगितलं, पण कसं सांगितलं ते ऐका. "स्टेशनच्या जागेत एक दुरुस्ती करावी लागली. ताऱ्यांच्या वेळेनुसार लाट सरकते हे पाहून ती शोधली." ते खूश झाले. "उत्तम निरीक्षण," म्हणाले. आमच्या शोधनिबंधात हाच मजकूर 'दुरुस्ती करण्यात आली' अशा भाषेत गेला. चूक कोणी केली होती, त्याआधी खापर कोणावर फुटलं होतं, यातलं काही त्यात नव्हतं. वार्षिक परीक्षणात समितीने माझं कौतुक केलं. मी 'थँक यू' म्हटलं.

असे चार महिने गेले. जेवण जात होतं, झोप लागत होती, हेही सांगितलं पाहिजे. माणूस वाटतो तितका लवकर मोडत नाही. फक्त साइटवर गेले की त्या तपासणीच्या झाकणांवरून चालायचं मी टाळायची.

नवऱ्याला मी जानेवारीत एका शुक्रवारी सांगितलं. मुलगी शेजारी चित्र काढत बसली होती. ती ऐकतेय असं वाटलं नव्हतं. नवरा म्हणाला, "अगं, कॉन्ट्रॅक्टरने काढलं त्यांना, तू नाही." मुलगी रंगवता रंगवताच म्हणाली, "बट डिड यू टेल हिम ही वॉज राइट?"

मी म्हटलं, "ते आता इथे नाहीत, सोनू."

"सो कॉल हिम," ती म्हणाली आणि हिरवा रंग शोधायला लागली.

नंबर माझ्याकडे नव्हता. आठवड्यातून तीन दिवस ज्या माणसाशी मराठीत बोलले, त्याचा नंबर मी कधी घेतलाच नव्हता. सोमवारी मी दुबईतच अल क्वोजला कॉन्ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमध्ये गेले. मालक मराठीच, नाशिकचे, वडिलांपासून हा धंदा. त्यांनी चहा मागवला. मी सगळं सांगितलं, त्या 'दोनदा'सकट. ते चहा ढवळत राहिले.

"मॅडम, तुमच्या ईमेलनंतर मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, साहेब, केबलमध्ये दोष नाही. मी म्हटलं, युनिव्हर्सिटी खोटं बोलते का? त्यावर ते गप्प बसले." जरा थांबून म्हणाले, "मीही तपासलं नाही. क्लायंट मोठा होता. आता काय, खलास झालं ते."

"त्यांच्या कागदावर काय लिहिलंत?"

"निकृष्ट काम. जे तुम्ही लिहिलंत तेच."

त्यांनी नंबर लिहून दिला. मी वर्कशॉपच्या बाहेर गाडीत बसून फोन लावला. समोरून फोरक्लिफ्ट जात-येत होत्या. तिसऱ्या रिंगला त्यांनी उचलला. मी कोण ते सांगितलं.

"बोला मॅडम," ते म्हणाले.

ताई गेलं होतं. मी पाठ करून आलेलं सगळं विसरले आणि म्हटलं, "दादा, केबल बरोबर होती. चूक माझी होती. मी एक आकडा चुकीचा टाकला होता, आणि तपासलाय म्हणून खोटं सांगितलं."

पलीकडे कुठेतरी वेल्डिंगचा आवाज येत होता. ते म्हणाले, "केबल बरोबर होती हे मला माहीत होतं. मी टाकली होती ना."

"मला माफ करा."

"कधी कळलं तुम्हाला?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. "सप्टेंबरमध्ये."

"आता जानेवारी आहे."

"हो."

 मग त्यांनी विचारलं, "लेखी द्याल?"

"काय?"

"हेच. लेटरहेडवर. तुमच्या साहेबांच्या सहीने. दोन ठिकाणी इंटरव्ह्यू झाले माझे. दोन्हीकडे पहिला प्रश्न तोच, मागच्या साइटवरून का काढलं? मी सांगतो माझं काम चांगलं होतं. असं तर सगळेच सांगतात." आवाज चढलेला नव्हता. "इथे चिपळूणला एका शेडमध्ये वायरिंग करतोय सध्या. मुलीच्या लग्नाची बैठक झाली तेव्हा पाहुण्यांनी विचारलं, परत का आलात? बायकोने सांगितलं, तब्येत. मला काही आजार नाही, मॅडम."

"देते," मी म्हटलं. "या आठवड्यात देते."

"बघते नक्की, असं नको," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी पत्राचा मसुदा घेऊन गाइडच्या खोलीत गेले. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला आणि पुन्हा वाचला.

"तू दोनदा तपासलंय म्हणाली होतीस."

"एकदाही तपासलं नव्हतं."

"आणि सप्टेंबरपासून तुला माहीत आहे."

"हो."

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी पत्रातलं एक वाक्य बदललं. मी 'गैरसमजातून' असं लिहिलं होतं, ते खोडून 'आमच्या चुकीमुळे' केलं. सही केली आणि म्हणाले, "निबंधातही दुरुस्तीची टीप जाईल. ती तू लिही." त्यानंतर आजपर्यंत मी त्यांना कुठलाही आकडा सांगितला की ते म्हणतात, मूळ फाइल दाखव. आवाजात कडवटपणा नसतो. फक्त आधी ते असं विचारत नसत.

पत्र दादांना पाठवलं, एक प्रत कॉन्ट्रॅक्टरला दिली. कॉन्ट्रॅक्टरने त्यांच्या नोंदीतला शेरा काढला आणि पुन्हा व्हिसा काढतो म्हणून निरोप धाडला. दादांनी नाही म्हटलं. मार्चमध्ये त्यांना मस्कतमध्ये एका हॉस्पिटलच्या बांधकामावर काम मिळालं. मला हे कॉन्ट्रॅक्टरकडून कळलं. मी अभिनंदनाचा मेसेज केला. दोन दिवसांनी उत्तर आलं: 'धन्यवाद मॅडम.'

प्रबंध लिहिताना केबलच्या प्रकरणात मी दोन परिच्छेद घातले. विद्यार्थिनीने चुकीचा बिंदू वापरला, दोष चुकीने केबलवर लावला, आणि फोरमनने घेतलेल्या तापमानाच्या नोंदींवरून तो दोष तेव्हाच खोडता आला असता. त्या अठरा आकड्यांचा तक्ताही दिला. त्यांचं नाव घालायचं होतं, म्हणून पुन्हा फोन केला.

"नाव नको," ते लगेच म्हणाले.

"दादा, ते तुमचं काम आहे. मान मिळायला हवा."

"मॅडम, उद्या कोणी माझं नाव शोधलं तर त्याला काय सापडेल? केबल, तक्रार, चूक, सगळं एका पानावर. लोक पूर्ण वाचत नाहीत. तुम्हाला तर माहीत आहे." मग जरा नरमाईने म्हणाले, "यानाचं काय झालं? लागला माग?"

"लागला," मी म्हटलं.

"चांगलं झालं. इथे ब्रेक संपला. ठेवतो."

गेल्या वर्षी माझी तोंडी परीक्षा झाली आणि मी डॉक्टर झाले. नवऱ्याने हौसेने घरी पंधरा-वीस माणसं बोलावली. अल बर्शातल्याच एका काकूंकडून श्रीखंड-पुरी आणि बटाट्याची भाजी मागवली होती. जेवताना कोणीतरी विचारलं, सगळ्यात अवघड काय गेलं? मी ही गोष्ट सांगितली. मला ती कोणापासून लपवायची नव्हती. सगळे ऐकत होते. एक फूट म्हटल्यावर दोघं-तिघं हसले. मंगळ आणि एक फूट, हसू येण्यासारखंच आहे.

नवऱ्याचा एक मित्र म्हणाला, "पण वहिनी, शेवटी सगळं नीट झालं ना? त्यांना मस्कतला नोकरी लागली, तुम्हाला डिग्री मिळाली."

"त्यांचं जे नीट झालं ते त्यांनी केलं," मी म्हटलं. "मी फक्त सहा महिने उशिरा एक कागद दिला. तोही त्यांनी मागितल्यावर."

मग कोणीतरी श्रीखंडाची चौकशी केली आणि मी वाढायला उठले.